मनमाडची परिषद आणि बाबासाहेबांची कीर्ती

बाबासाहेब आंबेडकर जगाला ठाऊक झाले ते गोलमेज परिषदेमुळे, असं म्हणतात. खोटं नाही, 1930 साली लंडनमध्ये नाव झालंच. पण वर्तमानपत्रातलं नाव टिकवायला माणसं लागतात, आणि ती मनमाडसारख्या जंक्शनवर होती. 12-13 फेब्रुवारी 1938 रोजी इथे जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. पोर्टरला स्टेशन मास्तरच्या घरची कामं करावी लागत, म्हणून अस्पृश्याला पोर्टरसुद्धा करत नसत. त्याच्या नशिबी गँगमनचीच नोकरी. बाबासाहेबांनी हे तिथे उघड मांडलं आणि ब्राह्मणशाही व भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू ठरवले. 1952 मध्ये कोलंबिया विद्यापीठाने मानद पदवी दिली, तीही मोठीच. तरी जातीवर लिहिणारे परदेशी अभ्यासक आज त्या पदवीपेक्षा मनमाडच्या या दोन शत्रूंकडेच अधिक वळतात.