मीटरविरहित कॅमेरा आणि प्रकाशमापकाची निवड : निजामपुऱ्याच्या निमित्ताने

छायाचित्र हे इतिहासाचे साधन आहे, हे आता बहुतेक अभ्यासकांना मान्य आहे. परंतु ताम्रपट वाचताना अक्षरवटिकेची जी चिकित्सा केली जाते, ती छायाचित्राच्या वाट्याला क्वचितच येते. चित्रातील उजेड आणि अंधार हे वास्तवाचेच गुण म्हणून गृहीत धरले जातात. समजा, भिवंडीच्या निजामपुऱ्यातील एखाद्या यंत्रमागाच्या गाळ्याचे चित्र समोर आहे. मागावरील कोऱ्या कापडाचा धागान् धागा त्यात उमटला आहे आणि कापडालगत उभ्या असलेल्या विणकराचा चेहरा मात्र नुसता काळा ठिपका झाला आहे. हा काळोख गाळ्यातलाच असेल असे नाही; पुष्कळदा तो मापनातला असतो. म्हणूनच, ज्या कॅमेऱ्यात मीटर नाही अशा कॅमेऱ्याने या वस्तीची नोंद करू इच्छिणाऱ्याने कोणता प्रकाशमापक घ्यावा, हा प्रश्न केवळ दुकानदाराला विचारून सुटणारा नव्हे.

मुंबईत फोटोग्राफिक सोसायटीची स्थापना इ. स. १८५४ मध्ये झाली. डॉ. भाऊ दाजी तिचे सभासद होते, व त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे स्वतः छायाचित्रे काढीत. त्या काळी मापक नव्हता आणि त्याची फारशी निकडही नव्हती. ओली कोलोडियन काच तेथल्या तेथेच धुवावी लागे. चुकले तर दुसरी काच घ्यावयाची. पहिली काच हेच मोजमाप. कोरड्या काचांचा प्रसार १८८० नंतर झाला, चित्र घेणे आणि काच धुणे यांत दिवसांचे अंतर पडू लागले, आणि चूक कळेपर्यंत प्रसंग निघून जाऊ लागला. मापनाची खरी गरज तेव्हा उत्पन्न झाली.

हर्टर आणि ड्रिफील्ड या इंग्लंडमधील संशोधकांनी १८८८ मध्ये 'ॲक्टिनोग्राफ' नावाची गणनपट्टी सिद्ध केली. तिथी, वेळ आणि काचेची संवेदनक्षमता जुळविली की एक्स्पोजर निघे. मात्र तिच्यावरील प्रकाशाचे कोष्टक विशिष्ट अक्षांशासाठी आखलेले असे. लंडनमध्ये डिसेंबरअखेर मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम १५ अंश वर येतो. भिवंडीत तो ४७ अंशांवर असतो, आणि मेच्या मध्यास व जुलैच्या उत्तरार्धात तर थेट माथ्यावरून जातो. त्यातही जुलैतला सूर्य बहुधा ढगांआड असतो, आणि कोकणच्या ढगाची जाडी कोणत्याही कोष्टकात मावत नाही. आल्फ्रेड वॉटकिन्स यांनी १८९० मध्ये पेटंट घेतलेला मापक अधिक शहाणा होता. संवेदनशील कागदाचा तुकडा उघड्यावर धरावयाचा आणि तो ठरावीक छटेइतका काळवंडण्यास किती सेकंद लागतात ते मोजावयाचे. येथे अक्षांशाचा प्रश्नच उरत नाही. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, असा कागद विषयावर पडणारा प्रकाश मोजतो; विषय काळा की गोरा, याच्याशी त्याला कर्तव्य नसते.

त्या पिढीच्या काचा आणि फिल्मा तांबड्या रंगाला जवळजवळ आंधळ्या होत्या. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ मध्ये प्रदर्शित झाला, तेव्हाही हीच स्थिती होती. सावळी, तांबूस छटेची त्वचा डोळ्याला दिसते त्याहून गडद उमटे. पुढे सर्ववर्णग्राही फिल्म आल्यावर हा दोष गेला, पण त्याच सुमारास मापनात दुसरा दोष शिरला.

१९३२ मध्ये वेस्टन कंपनीचा सेलेनियम घटावर चालणारा मीटर बाजारात आला. त्यात कागद नाही, घड्याळ नाही. उजेड पडताच काटा हलतो. सोय मोठी, परंतु असा मीटर कॅमेऱ्याजवळ उभा राहून विषयाकडून परतणारा प्रकाश मोजतो, आणि समोर जे काही असेल ते सरासरी करड्या रंगाचे आहे असे मानतो. कोऱ्या सुती कापडाकडे तो वळविला, तर त्या कापडालाही करडे करू पाहतो. एक्स्पोजर दोन स्टॉप किंवा अधिक कमी होते आणि शेजारचा चेहरा बुडतो. काळवंडलेल्या लाकडी दारासमोर उभ्या असलेल्या माणसाचे याच्या उलट होते : चेहरा धुपून जातो. यंत्र खोटे बोलत नाही, पण त्याला विचारलेला प्रश्नच चुकीचा असतो.

डॉन नॉर्वुड यांचा पांढऱ्या अर्धगोलाचा मापक १९४० नंतरच्या दशकात प्रचारात आला. वॉटकिन्सच्या कागदातील तत्त्व त्याच्याबरोबर परत आले, असे म्हणावयास हरकत नाही. अर्धगोल विणकराच्या चेहऱ्याशी, कॅमेऱ्याकडे तोंड करून धरावा. मागे कापड असो वा काळी भिंत, आकडा तोच येतो.

यावरून निजामपुऱ्यापुरता निर्णय पडता प्रकाश मोजणाऱ्या मापकाच्या बाजूने द्यावा लागतो. पण कोणत्या? बॅटरीशिवाय चालणारा सेलेनियमचा मापक मोहक असला, तरी मंद उजेडात त्याचा काटा जागचा हलत नाही, आणि जुना घट झिजलेलाही असतो. भर उन्हातील गल्ली व एका खिडकीचा गाळा यांत दहा स्टॉपचे, म्हणजे सुमारे हजारपट अंतर सहज पडते. मापकाची गरज गल्लीत नव्हे, गाळ्यात आहे. कॅडमियम सल्फाइडचे अनेक जुने मीटर पाऱ्याच्या बॅटरीवर बेतलेले असून त्या बॅटऱ्या बाजारातून गेल्या आहेत. म्हणून अर्धगोल असलेला सिलिकॉन घटाचा मापक घ्यावा, मग तो जुना का असेना. यशिका ६३५ किंवा स्पीड ग्राफिकसारख्या कॅमेऱ्याला तो पुरेसा आहे. पूर्वी बडोद्यास तयार होत असलेल्या आग्फा क्लिक ३ ला मात्र कोणताच मीटर लावून उपयोग नाही. ऊन आणि ढग एवढीच त्याची विद्या.

भ्रमणध्वनीवरील मापक बहुधा परतणारा प्रकाशच मोजतात. त्यांवर भागवावयाचे असेल, तर विषयावर पडणाऱ्या त्याच उजेडात आपला तळहात धरून मापन करावे आणि एक स्टॉप वाढवावा. गाळ्यात वेग अर्थातच मंद येतो : १०० ऐवजी ४०० वेगांकाची फिल्म घेऊनही छिद्र २.८ असता सेकंदाचा पंधरावा भाग. चालत्या मागांनी फरशी थरथरत असते, त्यामुळे तिवईचा आधारही अपुरा पडतो. मजुरी कापडाच्या मापावर असेल तेथे माग थांबविण्यास सांगणे म्हणजे विणकराची मजुरी थांबविणे होय. तेव्हा धोटा पुसट येऊ द्यावा, चेहरा वाचावा.

जुनी टिपणे वापरताना आणखी एक दक्षता हवी. १९६० मध्ये अमेरिकन मानकाने कृष्णधवल फिल्मांचे वेगांक जवळजवळ दुप्पट केले. फिल्मा त्याच राहिल्या. त्यापूर्वीच्या डबीवरील आकडा आजच्या मापकावर तसाच बसविला, तर एक स्टॉपचा फरक पडतो. नव्या नोंदीत छिद्र, झडपेचा वेग आणि फिल्मचा वेगांक यांच्या जोडीला मापन पडत्या प्रकाशाचे केले की परतत्या, हेही लिहिलेले असावे.