स्थानकाची पाटी बदलली, गँगमनचे नशीब कधी बदलणार?

बजाजनगरला रेल्वे स्थानक नाही. तरीही वाळूजच्या कारखान्यांत राबणाऱ्या नांदेड, परभणी, हिंगोली, जालन्याच्या कितीतरी कुटुंबांची शहरातली पहिली पायरी म्हणजे आपले रेल्वे स्थानक. 2025 च्या ऑक्टोबरमध्ये या स्थानकाचे नाव औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले, त्याचा कोडही बदलला. त्यावर भरपूर चर्चा झाली. पण हे स्थानक सव्वाशे वर्षे कोणाच्या हातांवर चालले, हा प्रश्न कोणी विचारला नाही. तो आपण विचारला पाहिजे.

हा मार्ग 'हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे' या नावाने 1899 ते 1901 या काळात टप्प्याटप्प्याने सुरू झाला. मनमाडपासून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेडमार्गे थेट सिकंदराबादपर्यंत मीटरगेज. चालवणारी कंपनी 'निजाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वे'. यातला 'गॅरंटीड' हा शब्द नीट वाचा. हमी होती ती भांडवल गुंतवणाऱ्यांच्या परताव्याची, आणि ती द्यायची रयतेच्या सारावर भरणाऱ्या खजिन्यातून. माती खणणाऱ्याला आणि रूळ उचलणाऱ्याला कसलीच हमी नव्हती. 1930 मध्ये निजाम सरकारने ही रेल्वे ताब्यात घेतली, स्वातंत्र्यानंतर ती भारतीय रेल्वेत आली आणि 1966 पासून दक्षिण मध्य रेल्वेत आहे. मालक बदलत गेले. तळाची माणसे तळालाच राहिली.

रेल्वेमुळे जात मोडली, असे शाळेत शिकवले जाते. एका डब्यात सगळे बसू लागले, हे खरे. पण नाण्याची दुसरी बाजू बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे. 1901 साली, म्हणजे आपल्याकडे ही रेल्वे नवी असताना, सातारा जिल्ह्यातील मसूर स्थानकावर लहानगा भीमराव भाऊ आणि भाच्यांसह उतरला. मुले नीटनेटकी होती, तोवर स्टेशन मास्तर आपुलकीने बोलत होता. जात कळताच तो मागे सरला. दुप्पट भाडे कबूल करूनही गाडीवान शेजारी बसेना, गाडी मुलांनाच हाकावी लागली. तिकीट सर्वांना सारखे होते, पण फलाटावर उतरताच माणसाची जात विचारली जात होती.

प्रवाशाची ही गत, तर कामगाराची काय असेल? याचे उत्तर आपल्याच मार्गाच्या टोकाला, मनमाडला मिळते. 12 आणि 13 फेब्रुवारी 1938 रोजी तिथे जीआयपी रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. बाबासाहेबांनी रेल्वेच्या कारभाराची चिरफाड केली. अस्पृश्य माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच निवृत्त होतो. त्याला पोर्टरचे कामही सहसा मिळत नाही, कारण स्टेशन मास्तर पोर्टरकडून घरची कामे करून घेतो आणि अस्पृश्य घरात चालत नाही. म्हणूनच कामगारांचे दोन शत्रू आहेत, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही, असे त्यांनी बजावले. केवळ मजुरीवर बोलणाऱ्या संघटना पहिल्या शत्रूचे नावही घेत नव्हत्या.

याच मार्गाने आपल्याला दुसरेही काही दिले. 1950 मध्ये बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला महाविद्यालय सुरू केले, तेच आजचे मिलिंद. मराठवाड्यातल्या खेड्यांतील मुले मीटरगेजच्या गाडीने नागसेनवनात शिकायला आली. त्याच पिढीने पुढे नामांतराचा लढा दिला. 27 जुलै 1978 चा ठराव ते 14 जानेवारी 1994 चा नामविस्तार, साडेपंधरा वर्षे आपण एका नावासाठी मार खाल्ला, घरे जळताना पाहिली. नावाचे महत्त्व आपल्याला कोणी शिकवू नये. पण आपल्यासाठी नाव हे ज्ञानाच्या आणि सन्मानाच्या हक्काचे नाव होते. नुसती पाटी आपण कधीच मागितली नव्हती.

आता 8 मे 2020 आठवा. जालन्याच्या स्टील कारखान्यातले मजूर भुसावळहून गाडी मिळेल या आशेने रुळांवरून चालत निघाले होते. मध्य प्रदेशातील उमरिया, शहडोलकडचे, बहुतेक आदिवासी. करमाडजवळ थकून रुळांवरच झोपले. पहाटे मालगाडीखाली 16 जण मेले. देशभर नियमित प्रवासी गाड्या बंद होत्या, मालगाड्या मात्र धावत होत्या. मालाला रस्ता होता, माणसाला नव्हता. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या त्या 'हमी'चा हिशेब असा चुकता झाला.

काही जण म्हणतील, आता आरक्षण आहे, आता कसली जात? कायम पदांवर आरक्षणामुळे आपली माणसे पोहोचली, हे मान्यच. म्हणून तर सफाईसारखी कामे कंत्राटावर जाणे धोक्याचे आहे. कंत्राटदाराच्या माणसाला ना आरक्षण, ना बढती, ना पेन्शन. 2013 च्या कायद्याने हाताने मैला साफ करण्यावर बंदी घातली, त्यात रेल्वे रुळांचाही स्पष्ट उल्लेख आहे. पण ठरावीक साधने वापरली तर तो माणूस 'सफाई कामगार' ठरतो आणि कायद्यातून सुटतो कंत्राटदार.

30 डिसेंबर 2023 रोजी जालना-मुंबई वंदे भारत सुरू झाली. जुलै 2025 मध्ये परभणीपर्यंतच्या 177 किलोमीटर दुहेरीकरणाला केंद्राने मंजुरी दिली. विकासाला आपला विरोध नाही. या मार्गाला ब्रॉडगेजसाठीच 1990 च्या दशकापर्यंत वाट पाहावी लागली. प्रश्न एवढाच, या नव्या रुळांवर कायम नोकरी कोणाला आणि कंत्राटी खोरे कोणाच्या हातात?

तरुणांनो, घरात कोणी गँगमन, खलाशी, हमाल, सफाईवाला असेल तर त्याच्याजवळ बसा. त्याचे सर्व्हिस बुक, पगाराच्या पावत्या, आठवणी लिहून काढा. माहितीच्या अधिकारात विचारा : स्थानकावर सफाईचे कंत्राट कोणाकडे, किमान वेतन आणि पीएफ मिळतो का? आपला इतिहास आपण लिहिला नाही, तर तो फक्त पाट्यांवरच्या नावांचा इतिहास राहील.

जय भीम! जय संविधान!