गोरे, मृणाल केशव

(२४ जून १९२८ – १७ जुलै २०१२). महाराष्ट्रातील समाजवादी नेत्या, मुंबईच्या नगरसेविका, आमदार आणि खासदार. माहेरचे आडनाव मोहिले. राष्ट्र सेवा दलाच्या कामासाठी त्यांनी वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडले. १९४८ मध्ये सेवा दलातील सहकारी केशव ऊर्फ बंडू गोरे यांच्याशी त्यांचा आंतरजातीय विवाह झाला आणि गोरेगाव ही दोघांची कर्मभूमी ठरली. १९५८ मध्ये केशव गोरे यांचे निधन झाले. पदरी लहान मुलगी असतानाही मृणालताईंनी सार्वजनिक काम थांबवले नाही.

१९५७ मध्ये गोरेगाव मुंबई महापालिकेत आले, पण नळ मात्र वस्त्यावस्त्यांत पोचले नव्हते. १९६१ मध्ये नगरसेविका झाल्यावर मृणालताईंनी सभागृहात पाण्याचा प्रश्न लावून धरला आणि बाहेर बायकांचे हंडा मोर्चे काढले. सभागृहात प्रश्न मांडायचा आणि त्यामागे रस्त्यावरची ताकद उभी करायची, ही त्यांची रीत इथेच घडली. ‘पाणीवाली बाई’ हे नाव लोकांनी त्यांना याच लढ्यातून दिले.

१९७२ मध्ये त्या विधानसभेवर निवडून आल्या. त्या वर्षी दुष्काळ होता. रेशनवर धान्य, साखर, रॉकेल मिळेना. अशा वेळी मार्क्सवादी अहिल्या रांगणेकर, कम्युनिस्ट तारा रेड्डी आणि समाजवादी प्रमिला दंडवते यांच्यासह त्यांनी महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभारली. लाटणे मोर्चा आणि घरोघरचा थाळीनाद यांमुळे एरवी कोणत्याही पक्षाच्या सभेला न जाणाऱ्या गृहिणी राजकारणात आल्या. या काळातील मुंबईच्या राजकारणातली ही सर्वांत मोलाची घटना मानावी लागेल. पक्षभेद बाजूला ठेवून झालेली स्त्रियांची अशी एकजूट नंतर क्वचितच दिसली.

आणीबाणीत त्या काही महिने भूमिगत राहिल्या. अटकेनंतर अकोल्याच्या तुरुंगात त्यांना कुष्ठरोगी आणि मनोरुग्ण कैद्यांशेजारच्या कोठडीत ठेवण्यात आले. १९७७ मध्ये त्या जनता पक्षातर्फे उत्तर मुंबईतून लोकसभेवर गेल्या, तर इंदिरा गांधी रायबरेलीत पराभूत झाल्या. ‘पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात’ ही घोषणा त्याच वेळची. मोरारजी देसाई यांनी देऊ केलेले आरोग्य मंत्रिपद त्यांनी स्वीकारले नाही.

१९८५ मध्ये त्या पुन्हा विधानसभेत आल्या आणि पुढे विरोधी पक्षनेत्याही झाल्या. गर्भलिंगनिदानाला आळा घालण्यासाठी त्यांनी विधेयक मांडले. स्त्री संघटनांच्या मोहिमेलाही या काळात जोर आला होता. महाराष्ट्राने १९८८ मध्ये या विषयावरचा देशातील पहिला कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला. विधिमंडळातील त्यांचे हे सर्वांत दूरगामी काम होय.

गोरेगावात संकटग्रस्त स्त्रियांसाठी त्यांनी ‘स्वाधार’ हे केंद्र सुरू केले. बाबूराव सामंत आदी सहकाऱ्यांसह नागरी निवारा परिषदेमार्फत दिंडोशी येथे सहा हजारांहून अधिक घरे उभारली. शहरांतील मर्यादेबाहेरची जमीन सरकारकडे घेण्याची तरतूद असलेला नागरी कमाल जमीन धारणा कायदा सामान्यांच्या घरांसाठी खरोखर वापरला गेल्याचे हे दुर्मीळ उदाहरण. निवडणुकीच्या राजकारणातून बाजूला झाल्यावरही दाभोळच्या एन्रॉन वीजप्रकल्पाला त्यांनी ठाम विरोध केला आणि नर्मदा बचाव आंदोलनाला साथ दिली. वसई येथे त्यांचे निधन झाले.