‘मानमोडीच्या साली’
* १९१८च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीला महाराष्ट्रात ‘मानमोडी’ म्हणत. लेखिकेच्या आजीला जन्मतारीख ठाऊक नव्हती. ‘मानमोडीत मी अंगावर पीत होते’ एवढेच ती सांगे. त्यावरून १९४७ साली ती तिशीची धरावी लागते. स्वातंत्र्याचा उल्लेख तिच्या बोलण्यात एकदाच येतो. बहात्तरचा दुष्काळ मात्र पानोपानी आहे : पंचावन्नाव्या वर्षी दुष्काळी कामावर तिने खडी फोडली, वाटपाची सुकडी पदराच्या गाठीत बांधून नातवंडांसाठी घरी आणली. ही गाठ आम्हाला कोणत्याही सनावळीहून मोलाची वाटते. म्हणून प्रकरणातल्या कालखुणा तिच्याच शब्दांत ठेवल्या आहेत. शेवटची खूण किल्लारीच्या भूकंपाची, ३० सप्टेंबर १९९३. तेव्हा तिने पंचाहत्तरी गाठली होती. — संपा.