वसमत, १ मार्च १९०१ची रात्र

फाल्गुनातलं चांदणं माळवदावर उतरलंय. होळी तोंडावर आलीय. तुम्ही वसमतच्या एका ओसरीवर उभे आहात. जिल्हा परभणी, राज्य निजामाचं. १८९९च्या दुष्काळात रिकामी झालेली कणगी अजून पुरती भरलेली नाही.

कंदील घेऊन शिरगणतीवाला येतो. घराची नोंद त्यानं आधीच काळ्या शाईत करून ठेवलीय. आज फक्त ताळा घ्यायचाय.

"घरात कोणी वाढलं? कोणी गेलं?"

तुमचे खापरपणजोबा सांगतात, "म्हातारी गेली पंधरा दिवसांखाली. अन् सुनंला लेक झाला."

तांबड्या शाईनं एक ओळ खोडली जाते, एक वाढते. त्याच्या खांद्यावरून वाचून घ्या: नाव, धर्म, वय, जात, धंदा, जन्मस्थळ, भाषा, लिहिता-वाचता येतं की नाही. सोळा रकाने. बाईचं नाव सांगायला घर कचरलं, तर नुसतं 'स्त्री' लिहायची मुभा आहे. तुमच्या खापरपणजीचं नाव विचारून घ्या, आत्ताच. पुढं ते कोणत्या दप्तरात सापडेल याचा भरवसा नाही.

याच महिन्याच्या ३१ तारखेला आयर्लंडमध्येही गणती होईल. तिथं कुटुंबप्रमुखानं भरलेले कागद जपले गेले. आज कोणीही आपल्या पणजोबांचं नाव, पंथ, वय घरबसल्या फुकट पाहू शकतो. इथं प्रत्येक माणसामागं एक चिठ्ठी निघाली, धर्म चिठ्ठीच्या रंगावरून ओळखायचा, ढीग मोजले गेले आणि मूळ कागद नष्ट झाले. उरला मिर्झा मेहदी खान यांचा गणती अहवाल: हैदराबाद संस्थानाची लोकसंख्या १,११,४१,१४२. त्यात तुमचे खापरपणजोबा आहेत, पण बिननावाचे. माझ्या मते हे मराठवाड्याचं फार मोठं नुकसान आहे. २०२३मध्ये मराठा आरक्षणाच्या प्रश्नात न्या. संदीप शिंदे समिती कुणबी नोंदी शोधू लागली, तेव्हा तर हे घरोघरी कळलं. त्या गणतीच्या तक्त्यात जातीचा नुसता आकडा आहे. माणूस सापडतो तो महसुली, जन्म-मृत्यूच्या आणि शाळेच्या दप्तरात.

आता परत या आणि त्या दप्तरांसाठी तहसीलला अर्ज करा. खासरा, पाहणीपत्रक मागा, शाळेतून प्रवेश-निर्गम उतारा काढा. निजामकाळातल्या कागदावर फसली साल दिसलं की त्यात महिन्यानुसार ५९० किंवा ५९१ मिळवा, इसवी सन हाती येतं. घरातला मोडी किंवा उर्दू कागद वाचता येत नाही म्हणून फेकू नका, जाणकाराकडून वाचून घ्या. आणि आजी हयात असेल, तर तिच्या आईचं, सासूचं नाव आजच लिहून ठेवा.