ग्रॅहमबाईंची मुंबई

वाचकहो, २६ मे १८०९ रोजी, पावसाळ्याच्या अगदी तोंडावर, एक इंग्रज तरुणी मुंबई बंदरात उतरली. नाव मारिया डंडास. वयाला अजून चोवीस वर्षे पुरी झाली नव्हती. वडील ब्रिटिश आरमारातले अधिकारी. मुंबईच्या गोदीवर त्यांची नेमणूक झाली, म्हणून मुलगी बरोबर आली. वाटेत जहाजावर टॉमस ग्रॅहम या आरमारी अधिकाऱ्याशी तिची ओळख झाली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात मुंबईलाच दोघांचे लग्न लागले. इतिहासात त्या राहिल्या त्या मारिया ग्रॅहम या नावाने. आपण त्यांना ग्रॅहमबाई म्हणू.

बाईंना रोज लिहिण्याची सवय होती आणि चित्रे काढण्याचा हात होता. हिंदुस्थानातल्या मुक्कामाची त्यांची रोजनिशी १८१२ साली एडिंबरोला छापून निघाली, त्यांच्याच रेखाटनांवरून केलेल्या चित्रांसह. त्या काळी इकडे येणारा साहेब यायचा तो कंपनीच्या चाकरीसाठी किंवा व्यापारासाठी. चार पैसे गाठीला बांधायचे आणि परतायचे. नुसते पाहावे आणि लिहून ठेवावे, असे फारसे कुणाच्या मनात नसे. एका बाईने ते करावे, ही तर त्याहून दुर्मिळ गोष्ट.

आता १८०९ ची मुंबई डोळ्यांसमोर आणा. आगगाडी नाही; ती धावली १८५३ साली. कापडाच्या गिरण्या नाहीत. पहिलीची स्थापना १८५४ ची. किल्ल्याची तटबंदी शाबूत आहे. १८०३ च्या मोठ्या आगीत किल्ल्यातला बराच भाग जळाला होता, त्याला सहाच वर्षे झालेली. गव्हर्नर जोनाथन डंकन. किल्ल्याबाहेर नारळीच्या वाड्या, शेते, तळी. पुण्यात दुसरा बाजीराव गादीवर आहे, पण १८०२ च्या वसईच्या तहाने त्याचे हात बांधले गेले आहेत.

या मुंबईत ग्रॅहमबाई हिंडल्या. वडील गोदीवर, त्यामुळे जहाजबांधणी घरच्यासारखीच. वाडिया घराण्यातले पारशी कारागीर तिथे सागवानी जहाजे बांधत होते. त्यांनी बांधलेली 'मिंडन' ही ब्रिटिश आरमाराची मोठी लढाऊ नौका १८१० साली पाण्यात उतरली. घारापुरीची लेणी बाईंनी पाहिली, साष्टीतली पाहिली. आणि आंबासुद्धा सोडला नाही बरे का! माझगावच्या आंब्याच्या मूळ झाडावर फळांच्या मोसमात शिपायांचा पहारा बसत असे, ही नोंद त्यांची. शहाजहानच्या वेळी इकडचे आंबे दिल्लीला पोचवण्यासाठी वाटेत जासूद ठेवलेले असत, ही ऐकीव हकीकतही त्यांनी तिथेच टिपली आहे. माझगावात तेव्हा राहणाऱ्याला या पहाऱ्याचे काय अप्रूप? रोजचेच ते. रोजचे असते ते घरचा माणूस लिहीत नाही. परका लिहितो, कारण त्याला ते नवे असते. परक्याच्या नजरेची किंमत आहे ती इथे.

स्वतःच्या माणसांनाही बाईंनी सोडले नाही. मुंबईतल्या इंग्रज मडमांचे नटणे फार आणि वाचन कमी, असा त्यांचा रोखठोक शेरा आहे. त्यांचे मन रमले ते सर जेम्स मॅकिंटॉश यांच्यासारख्या विद्वानांच्या घरी. मॅकिंटॉश हे मुंबईचे न्यायाधीश. आज एशियाटिक सोसायटी म्हणून आपण जी संस्था ओळखतो, तिची मूळ 'लिटररी सोसायटी' त्यांनीच १८०४ साली काढलेली.

पण अशा प्रवाशाच्या शब्दावर भरवसा कितपत ठेवायचा? इथे बाईंच्या पुढच्या आयुष्यातली एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १८२२ साली चिलीला जाताना पती वारले. बाई चिलीत उतरून तिथेच काही काळ राहिल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरात तिथे मोठा भूकंप झाला. किनाऱ्याची जमीन वर उचलली गेली, असे त्यांनी लिहिले. पुढे १८३४ साली लंडनच्या भूगर्भशास्त्र मंडळाच्या अध्यक्षांनी या साक्षीची जाहीर टर उडवली. बाईंनी सडेतोड उत्तर दिले. आणि दुसऱ्याच वर्षी चिलीत पुन्हा भूकंप झाला, तेव्हा तिथे असलेल्या चार्ल्स डार्विन यांनी जमीन उचलली गेल्याचे स्वतः पाहिले. थोडक्यात, डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीत ही साक्षीदार पक्की होती.

तरीही साक्षीदाराची उलटतपासणी करावीच लागते. मुंबईत काझींच्या घरी जनान्यात जाण्याची संधी बाईंना मिळाली. पुरुष प्रवाशाला ते दार कधीच उघडले नसते. त्यांनी तिथल्या स्त्रियांचे कपडे पाहिले, दागिने पाहिले, आणि यांना शिक्षणाचा गंध नाही, असे लिहून मोकळ्या झाल्या. आता विचार करा. भाषा येत नाही, भेट घटकाभराची, आणि आलेली बाई राज्यकर्त्यांच्या जातीची. अशा पाहुणीपुढे कोण मन मोकळे करील? जनान्यातल्या त्या स्त्रियांना या पाहुणीबद्दल काय वाटले, ते कुणीच लिहून ठेवले नाही. एका बाजूची साक्ष तेवढी आपल्यापाशी आहे. मुंबईच्या इतिहासाचे हे दुखणे जुने आहे.

वर्षाच्या अखेरीस बाई घाट चढून कार्ल्याची लेणी पाहत पुण्याला आल्या. त्यांच्या वाटेवर जे खंडाळा लागले, ते लोणावळ्याजवळचे. आमचे सातारा जिल्ह्यातले खंडाळा वेगळे. पुण्याहून दक्षिणेला निघावे, नीरा ओलांडून शिरवळ घ्यावे, की पुढे खंबाटकीच्या घाटाच्या पायथ्याशी ते लागते. बाई पुण्याहूनच मागे फिरल्या, आणि आमचा मुलूख त्यांच्या रोजनिशीत आलाच नाही. पण त्यांच्या त्या शेऱ्याला कृतीने उत्तर मिळाले ते आमच्याच तालुक्यातून, असे म्हटले तर ती नुसती गावाची बढाई ठरू नये. तालुक्यातल्या नायगावी १८३१ साली सावित्रीबाईंचा जन्म झाला. १८४८ साली जोतीरावांबरोबर त्यांनी पुण्यात मुलींची शाळा चालवली आणि १८५४ साली त्यांचा 'काव्यफुले' हा संग्रह प्रसिद्ध झाला. ज्यांना शिक्षणाचा गंध नाही म्हणून हिणवले, त्यांच्या हाती पाटी-लेखणी द्यायला आपल्याच घरची बाई उभी राहिली.

मराठीत मुंबईचे पहिले सविस्तर वर्णन झाले ते १८६३ साली. गोविंद नारायण माडगावकर यांचे 'मुंबईचे वर्णन'. म्हणजे ग्रॅहमबाईंच्या पुस्तकानंतर एक्कावन्न वर्षांनी. आणि माडगावकर तरी मुंबईचे कुठे? तेही मूळचे गोव्याचे. फरक एवढाच की हा परका इथेच राहिला, इथली भाषा बोलला, शिक्षक म्हणून इथली मुले शिकवली. म्हणून त्यांच्या वर्णनात चाळीतल्या, बाजारातल्या, देवळातल्या माणसाला नाव मिळते, धंदा मिळतो, आवाज मिळतो. पुढे १८८९ मध्ये पंडिता रमाबाईंनी अमेरिकेच्या लोकस्थितीवर मराठीत पुस्तक लिहिले. पाहणारी मराठी बाई आणि पाहिला जाणारा देश साहेबांचा! ऐंशी वर्षांत दुर्बीण उलटी फिरली.

आणि आता वाचकहो, थोडे घरचे बोलू. गिरण्या सुरू झाल्यापासून आमच्या सातारा-सांगलीकडच्या गावागावांतून माणसे मुंबईला गेली. कुणी गिरणीत, कुणी गोदीत, कुणी माथाडी म्हणून पाठीवर गोणी घेऊन. खानावळीत जेवली, एका खोलीत वीस-वीस जण पाळीपाळीने निजली, आणि जत्रेला गावी आली. ग्रॅहमबाईंइतकीच तीही त्या शहरात परकी होती, आणि त्यांनीही ते शहर नव्या डोळ्यांनीच पाहिले. फरक इतकाच, की बाईंपाशी दौत-लेखणी होती आणि यांच्यापाशी मनिऑर्डरचा फॉर्म. त्या फॉर्मवरच्या मजकुराला जागा असायची दोन बोटांची. तेवढ्यात ख्यालीखुशाली मावायची, मुंबई मावायची नाही.

१९८२ च्या संपानंतर गिरण्यांचे ते जग मोडले. त्यात राबलेली माणसे आता थकली आहेत, कित्येक गेलीही. १८०९ ची मुंबई पाहायला आपल्याला एका परदेशी बाईच्या दाराशी जावे लागते, त्याला इलाज नाही. पण १९६० ची, १९७० ची मुंबई अजून आपल्या गावच्या ओसरीवर, पारावर बसलेली आहे. तिच्याजवळ जाऊन बसा. पहिल्या दिवशी बोरीबंदरला उतरल्यावर काय दिसले, कुठे निजलात, पहिला पगार कशात गेला, हे विचारा. सांगतील ते तारीख-वार घालून वहीत उतरवा. ग्रॅहमबाईंनी केले ते याहून फार निराळे नव्हते.