गोर्दआफरीद ते जीना : इराणी मुलींच्या नावांचा इतिहास

फिरदौसीच्या ‘शाहनाम्या’त इराणच्या सीमेवर एक पांढरा किल्ला आहे. तुराणच्या सोहराबची फौज येऊन धडकते, हजीर हा किल्ल्याचा रखवालदार कैद होतो आणि मग आतून एक स्वार एकटाच बाहेर पडून सोहराबला ललकारतो. झुंज रंगते. शिरस्त्राण निघतं तसे लांब केस मोकळे सुटतात आणि आपण एका मुलीशी लढत होतो हे सोहराबच्या लक्षात येतं. ती गोर्दआफरीद. गोडीगुलाबीने ती त्याला किल्ल्याच्या दारापर्यंत आणते, स्वतः आत शिरते, दार लावून घेते आणि तटावरून त्याची खिल्ली उडवते. ‘गोर्द’ म्हणजे वीर. आजही इराणात मुलींना हे नाव देतात.

सातव्या शतकात अरबांनी सासानी राज्य बुडवलं, तेव्हा नव्या धर्माबरोबर नावंही आली. फातेमे, झहरा, झैनब ही नावं इराणी घरांत इतकी खोल रुजली की ती बाहेरची राहिलीच नाहीत. तरी जुनी नावं पुसली गेली नाहीत. त्याचं मोठं श्रेय १०१० साली पूर्ण झालेल्या ‘शाहनामा’ या महाकाव्याला द्यायला हवं. त्यातल्या रुस्तम या वीराची आई रुदाबे, बायको तहमीने, बीजनच्या प्रेमात पडलेली मनीजे, सियावशची पत्नी फरंगीस. राज्यं गेली, लिपी बदलली, पण या बायकांची नावं घरोघरच्या मुलींना मिळत राहिली. सावत्र मुलगा सियावश याच्यावर खोटा आळ घेणारी सुदाबेसुद्धा त्यातून वगळली गेली नाही. आपल्याकडे मुलीचं नाव कैकेयी कोण ठेवील?

हीच नावं पारशांबरोबर मुंबईतही नांदली. तहमीनेची इथे तेहमिना झाली. शिरीन आणि खोरशेद आहेतच. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांच्या नावाची एक राणीच शाहनाम्यात आहे. मराठवाड्यातला बीबी का मकबरा जिच्यासाठी उभा राहिला, ती औरंगजेबाची बेगम दिलरस बानू इराणच्या सफवी राजघराण्याच्या वंशातली. तिच्या नावातले सगळे शब्द फारसीच.

फुलांची नावं तर कितीतरी : नर्गेस, यासमन, लाले, नस्तरन, बनफ्शे. नाहीद हे शुक्राचं नाव ‘अवेस्ता’तल्या अनाहिता या जलदेवतेपासून आलेलं. आपण ज्यांना कृत्तिका म्हणतो त्या तारकांना अरबीत सुरैया, फारसीत परवीन. इराणात एका घरी सुरैया असते, शेजारच्या घरी परवीन.

एवढी देखणी नावं, पण काजार राजघराण्याच्या काळात ती चारचौघांत उच्चारणं असभ्य मानलं जाई. आपल्याकडे जुनी माणसं बायकोला ‘आमचं कुटुंब’ म्हणत, तसा तिथला नवरा ‘मंझेल’, म्हणजे घर, म्हणे. राजवाड्यातल्या बायका पदव्यांआड झाकलेल्या. नासिरुद्दीन शाहची मुलगी झहरा हिने धीटपणे आपल्या आठवणी लिहिल्या, तरी इतिहासात ती राहिली ताज-उस-सल्तना म्हणूनच.

म्हणून १९१८ सालची एक नोंद फार मोलाची वाटते. इराणात जन्मनोंदणी सुरू झाली आणि देशातलं पहिलं ओळखपत्र, ‘शेनासनामे’, तेहरानमधल्या एका मुलीच्या नावे निघालं. नाव फातेमे इरानी. जे नाव परक्यासमोर घ्यायचं नाही, ते सरकारी कागदावर आलं. १९२५ साली पदव्या रद्द झाल्या, आडनाव सक्तीचं झालं.

पुढे पहलवी राजवटीत इस्लामपूर्व इराणचं वारं सुटलं आणि फार जुनी नावं परतली. त्यांतलं आतुसा हे नाव मोठा वळसा घालून आलं. आतुसा म्हणजे प्राचीन इराणचा सम्राट कुरुश याची मुलगी, दारयवहूची राणी, झेरझेसची आई. खुद्द इराणी परंपरा तिला विसरली होती. तिची आठवण ठेवली ती शत्रूने : ग्रीक नाटककार एस्किलसने इ.स.पू. ४७२ च्या ‘पर्शियन्स’ नाटकात आणि नंतर हेरोडोटसने. त्यामुळे मायदेशी परतताना तिचं नाव ग्रीक वळणाचंच राहिलं.

१९७९ च्या क्रांतीनंतर नोंदणी कार्यालयं नावांवर कडक नजर ठेवू लागली. परकी किंवा अनुचित वाटणारी नावं नाकारली जातात आणि कुर्दांसारख्या बिगरफारसी समाजांना याचा जाच जास्त. सक्केझ गावच्या अमीनी कुटुंबातल्या मुलीला घरी जीना म्हणत. कुर्दीत या नावाचा संबंध जगण्याशी आहे. कागदोपत्री मात्र ती महसा, म्हणजे चंद्रासारखी. सप्टेंबर २०२२ मध्ये तेहरानच्या नीतिरक्षक पोलिसांनी पकडल्यावर, वयाच्या २२ व्या वर्षी, तिचा मृत्यू झाला आणि जगभर गाजलं ते कागदावरचं नाव. कुर्द लोक हट्टाने जीनाच म्हणत राहिले. २०२३ साली युरोपीय संसदेने तिला मरणोत्तर साखारोव्ह पुरस्कार दिला, तेव्हा जाहीर झालेलं नाव होतं : जीना महसा अमीनी.